दीड महिना पडवीत उभी असलेली बाबांची गाडी चालूच होत नाहीये, आधी नक्की काय बघू?

पाणंदवाट

नमस्कार मंडळी, गाव कोकणातल्या देवरुखपासून नऊ किलोमीटर आत. गाडी म्हणजे मोटारसायकल, २००६ सालची, १०० सीसी, कार्बोरेटरवाली, फक्त किक, सेल्फ नाही. आषाढात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती पडवीत एका जागी उभी आहे, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, झड आत येते त्यामुळे वर ताडपत्री टाकली तरी गाडी ओली होतेच. मी पुण्याला असते, गणपतीसाठी लवकर आले, म्हटलं गाडी चालू करून ठेवू कारण माटवीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या सजावटीचं, सामान आणायला, भटजींना आणायला सगळ्याला तीच लागते, आमच्याकडे एसटी दिवसातून दोनदा. तर किक मारून मारून पाय भरून आला पण एकदा सुद्धा फटफट केली नाही. चोक देऊन बघितला, न देता बघितला, पेट्रोल कमी होतं म्हणून चुलतभावाने कॉक रिझर्व्हला केला, तरी नाही. हॉर्न वाजत नाही, न्यूट्रलचा दिवा पण लागत नाही म्हणजे बॅटरी गेलीये. वाडीतला एकजण जो गाड्या बघतो तो येऊन बघून गेला आणि म्हणाला कार्बोरेटर गेला, नवीन टाका, अडीच हजार होतील. बाबा खुर्चीत बसून नुसता किकचा आवाज ऐकतात आणि म्हणतात कार्बोरेटर नाही गं, करंट नाहीये. आता कोणाचं ऐकू? खर्चाचं नाही, पण उगाच भाग बदलून गाडी तशीच राहिली तर बाबांना फार वाईट वाटेल. मला प्लग काढता येतो, पान्ना गाडीच्या पेटीत आहे. आधी काय बघू ते क्रमाने सांगाल का.

घाटमाथा

भाऊ इतकी जुनी गाडी आहे तर कार्बोरेटर बदलूनच टाका, बाजारात हजार बाराशेला पण मिळतो, अर्ध्या तासाचं काम. नाहीतर उतारावर न्या, दुसरा गिअर टाका, क्लच दाबून गाडी पळवा आणि सोडा, ढकलस्टार्टने बऱ्याच गाड्या चालू होतात.

जुनागॅरेज

सातारा रोडला एकोणतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. घाटमाथा, राग मानू नका पण प्लग सुद्धा न काढता कार्बोरेटर बदला हे सांगणं मला पटत नाही. २००६ च्या गाडीचा मूळचा कार्बोरेटर साफ केला तर अजून दहा वर्षं जाईल, आणि स्वस्तातला जो मिळतो त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, त्या इंजिनाला बसतीलच असं नाही, मग गाडी कधी काळा धूर सोडते, कधी चढावर दम टाकते, आणि गिऱ्हाईक परत आपल्याच दारात.

पाणंदवाट, तुम्ही आधी किक मारायचं थांबवा. दर किकेला पेट्रोल आत जातंय आणि जळत नाहीये, प्लग आणखी भिजतो.

बॅटरीची काळजी सोडा. त्या काळच्या बऱ्याच १०० सीसी किकच्या गाड्यांना प्लगचा करंट इंजिनातल्या कॉईलवरूनच येतो, बॅटरी मेली तरी गाडी किकने चालू होते, फक्त हॉर्न इंडिकेटर नसतात. बॅटरी नंतर बघू.

आता प्लग काढा. काढायच्या आधी प्लगच्या भोवतीची माती फुंकून, फडक्याने पुसून घ्या, नाहीतर खडा आत सिलिंडरमध्ये पडतो. काढल्यावर वास घ्या आणि टोक बघा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच येत नाहीये, कॉक नाहीतर कार्बोरेटर. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. हे एवढं बघून इथे लिहा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. आणि प्लग काढलेलाच आहे तर भोकावर अंगठा घट्ट दाबून कोणाला तरी एक किक मारायला सांगा, अंगठा फुस्सकन उडाला पाहिजे. उडाला तर कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, आहे, इंजिन शाबूत आहे, निम्मी चिंता गेली. हे करताना चावी बंद आणि प्लगची कॅप, म्हणजे वायरच्या टोकाला असलेली टोपी, भोकापासून लांब.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. एक गोष्ट विचारतो, गाडीच्या इंजिनापर्यंत पाणी चढलं होतं का कधी? फक्त पाऊस लागला की पाण्यात उभी होती? कारण दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची गाडी अख्खी पाण्याखाली होती, पाणी उतरल्यावर शेजारच्या मुलाने घाईघाईत त्यांच्या गाडीला किक मारली, सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, किक जागीच अडकली आणि आतलं काम निघालं. आमच्या गाडीला मी हात लावू दिला नाही कोणाला. प्लग काढला, भोकातून चक्क पाणी आलं, ऑईल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं. तीन वेळा ऑईल बदललं, प्रत्येक वेळी थोडं फिरवून परत सोडलं, तेव्हा कुठे स्वच्छ आलं. तर तुमच्याकडे ऑईलची काडी काढून बघा, दुधाळ दिसलं तर पुढे काहीच करू नका.

पाणंदवाट

सगळ्यांना धन्यवाद. आधी एक, मी भाऊ नाही, ताई आहे 🙂

पाणी चढलं नव्हतं, पडवी उंचावर आहे. ऑईलची काडी बघितली, काळपट आहे पण दुधाळ अजिबात नाही. प्लग काढला, ओला आहे, पेट्रोलचा वास येतो, टोकाला काळी पुटं. अंगठा लावला आणि चुलतभावाने किक मारली, अंगठा जोरात उडाला, आवाज ऐकूनच बाबा हसले. मग मी प्लग तिथेच कॅपला लावून इंजिनाला टेकवून किक मारायला लावली तर ठिणगी पडते, दिवसा नीट दिसत नव्हती पण पडते एवढं नक्की. म्हणजे बाबांचं चुकलं का? करंट तर आहे.

जुनागॅरेज

ताई, छान केलंत, पण एक धोक्याचं सांगतो. ओला प्लग काढून लगेच भोकाशेजारी ठिणगी पाडायची नाही, भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, भडका उडतो, माझ्यासमोर उडालेला आहे. भोकात फडकं कोंबायचं, कॉक बंद करायचा, सांडलेलं सुकू द्यायचं, आणि प्लग भोकापासून लांब, इंजिनाच्या डोक्याच्या दुसऱ्या बाजूच्या उघड्या लोखंडाला टेकवायचा, हाताने नाही, रबरी मुठीच्या पक्कडीने.

आणि बाबांचं चुकलं असं अजून म्हणू नका. बाहेर हवेत ठिणगी पडते म्हणजे आत पडतेच असं नसतं. आत पिस्टन हवा दाबतो तेव्हा त्या दाबात ठिणगीला उडी मारायला जास्त जोर लागतो, आणि वाटेत कुठे सोपा रस्ता मिळाला, म्हणजे कॅपला चीर असेल, वायरचं टोक गंजलं असेल, कॅपमध्ये ओल असेल, तर करंट त्या रस्त्याने इंजिनाच्या लोखंडात जातो आणि प्लगच्या टोकाला काहीच पोचत नाही. दिसताना सगळं ठीक, गाडी मात्र बंद. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीला हा फॉल्ट मी किती वेळा बघितला त्याला मोजदाद नाही, आणि दर वेळी आधी कोणीतरी कार्बोरेटर खोललेला असायचा.

याची परीक्षा अंधारात करतात. प्लग पेट्रोलने धुवून, जुन्या टूथब्रशने घासून, टोकाला बारीक पॉलिश पेपर मारून वाळवा. दोन टोकांतली फट बघा, या गाड्यांना साधारण ०.६ ते ०.७ मिमी चालते, फार रुंद झाली असेल तर हलकेच ठोकून कमी करा. प्लग जागेवर बसवा, कॅप लावा. संध्याकाळी पडवीतले सगळे दिवे बंद करून, पेट्रोल कुठे सांडलेलं नाही याची खात्री करून, चावी चालू करून किक मारा आणि कॅपकडे, वायरकडे बघा. निळी बारीक रेघ कॅपवरून इंजिनाकडे पळताना दिसली तर चोर सापडला.

घाटमाथा

ताई सॉरी. जुनागॅरेज काकांचं बरोबर आहे, मी घाई केली. माझ्या गाडीला पण पावसाळ्यात असंच होतं, मी नेहमी ढकलूनच चालू करतो, कारण काय ते कधी बघितलंच नाही. आज रात्री मी पण अंधारात बघतो.

नवारायडर

मधेच विचारतो, माझी २०२२ ची बीएस सिक्स एफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाली, आहे, ती पण दहा दिवस उभी होती आणि आता बटण दाबलं की नुसतं टक टक होतं. मी पण प्लग काढू का? की ढकलून चालू करू?

जुनागॅरेज

तुमची गोष्ट वेगळी. टक टक म्हणजे बहुतेक बॅटरी. एफआय गाडीत पंप, इंजेक्टर, सगळं बॅटरीवर, बॅटरी पार मेली असेल तर ढकलून उपयोग नाही, पंपाने पेट्रोलच दिलं नाही तर पेटणार काय. चावी चालू केल्यावर दोन तीन सेकंद टाकीतून बारीक घुंईं असा आवाज यायला पाहिजे, तो पंप. मीटरने बॅटरी मोजा, भरलेली असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून आणा. साईड स्टँड वर आहे ना आणि लाल स्विच चालूवर आहे ना हे पण बघा, लोक हसतात पण रोज दोन गाड्या त्यासाठीच येतात. बाकी वेगळा धागा काढा, इथे ताईंची गाडी चालू होऊ दे.

पाणंदवाट

सापडला!! रात्री पावणेआठला दिवे बंद केले, आई घाबरून देवघरातली समई पण दुसऱ्या खोलीत घेऊन गेली, भावाने किक मारली आणि कॅपच्या खालच्या बाजूने निळी बारीक वीज सरळ इंजिनाच्या बाहेरच्या पात्यांवर. तीन किकांना तीनदा. बाबा खुर्चीतून उठायला लागले होते, बसवलं. कॅपला खालून केसासारखी चीर आहे, दिवसा कितीही बघितलं असतं तरी कळली नसती.

आज सकाळी भाऊ देवरुखहून नवीन कॅप आणि प्लग घेऊन आला. जुनी कॅप फिरवून काढली तर वायरच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडलेली. अर्धा सेंटीमीटर कापलं, आतली तार चकचकीत दिसली, नवीन कॅप फिरवत बसवली. चोक ओढला, किक मारली आणि तिसऱ्या किकेला फट्ट करून आवाज आला! पण एकदाच. परत मारली, परत एक फट्ट, की संपलं. त्यानंतर वीस किका, काही नाही. प्लग परत काढला, ओला आहे पण या वेळी पेट्रोलचा वास फार कमी आणि प्लगच्या टोकाला थेंब आहेत जे वाळतच नाहीत. आता काय?

वाशिष्ठीकाठ

ताई ते पेट्रोल नाही, पाणी आहे. पेट्रोल फुंकर मारली की उडतं, पाणी थेंब धरून बसतं. कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठायची जी वाटी असते, तिच्यात पाणी आलंय.

जुनागॅरेज

अगदी बरोबर. आणि ते आत कसं आलं तेही तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे, माझ्याच नजरेतून सुटलं. तुम्ही लिहिलंत कॉक रिझर्व्हला केला. टाकीत कॉकची जी नळी असते ती ऑन वर असताना तळापासून जरा वरून पेट्रोल घेते, आणि रिझर्व्हवर अगदी तळातून. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. टाकीत पेट्रोल कमी, पाऊस दीड महिना, टाकीच्या झाकणाचं रबर वीस वर्षांचं. आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं, थोडं पाणी असेल तर पोटात घालून ठेवतं, दिसतही नाही, पण पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली जाऊन बसतात. रिझर्व्हला कॉक केला आणि तो सगळा गाळ थेट कार्बोरेटरमध्ये उतरला. तुमची कॅपही चिरलेली होती आणि पाणीही होतं, दोन्ही एकदम, म्हणून नुसती कॅप बदलून भागलं नाही.

कार्बोरेटर खोलायची गरज नाही. वाटीच्या अगदी तळाला एक पितळी स्क्रू असतो, त्याच्या खाली बारीक नळी. काचेची स्वच्छ बाटली नळीखाली धरा, बरोबर मापाच्या डिसमिसने स्क्रू दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. लहान डिसमिस घसरला की पितळेचा खाचा जातो, मग त्रास. आलेलं बाटलीत पाच मिनिटं ठेवा, खाली वेगळा थर दिसेल. मग स्क्रू बंद, टाकीकडून येणारा पाईप काढा, तो दुसऱ्या मोठ्या बाटलीत सोडा, कॉक रिझर्व्हला करा आणि टाकी पूर्ण रिकामी करा. झाकण उघडं ठेवा, नाहीतर टाकीत हवा जात नाही आणि पेट्रोल थेंब थेंब येतं. जवळपास चूल, विडी, समई काही नको, आईंनी बरोबर केलं होतं. मग नवीन दोन लिटर पेट्रोल घाला, पाईप लावा, वाटीच्या स्क्रूतून थोडं परत बाहेर सोडा म्हणजे वाटी धुतली जाईल, प्लग वाळवून बसवा. पहिल्या चार पाच किका चोक न देता, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून मारा, आत जे भरलंय ते बाहेर जाऊ दे. मग चोक देऊन साधी किक.

घाटमाथा

मी काल रात्री बघितलं, माझ्या कॅपवर पण निळी रेघ दिसली. चार वर्षं ढकलतोय 😐 उद्याच बदलतो.

पाणंदवाट

चालू झाली. सकाळी अकराला. वाटीतून जे आलं त्यात निम्म्याहून जास्त खालचा थर होता, चहाच्या कपात पाव कप असेल एवढं, आणि टाकीतून जवळपास लिटरभर निघालं त्यात पण तळाला गढूळ थर. तुम्ही सांगितलं तसं थ्रॉटल उघडून पाच किका मारल्या, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली, मग चोक ओढून दुसऱ्याच किकेला चालू! भाऊ ओरडला, आईने देवाला साखर ठेवली. बाबांनी मला गाडी त्यांच्या खुर्चीजवळ आणायला लावली आणि बसल्या बसल्या हात लांब करून स्वतः थ्रॉटल दिला, दोन मिनिटं देतच होते, कोणी काही बोललं नाही.

आता दोन प्रश्न राहिलेत. चोक बंद केला की गाडी जरा वेळ धडधडते आणि बंद पडते, गरम झाल्यावर मात्र ठीक चालते. आणि हे जे बाटलीत काढलेलं पेट्रोल आहे, वरचा स्वच्छ भाग ओतून घेऊन परत टाकीत घालू का? झाकणाचं रबर बघितलं, खरंच चिरा गेल्यात, नवीन सांगितलंय.

जुनागॅरेज

बाबांना माझा नमस्कार सांगा. नुसत्या किकच्या आवाजावरून करंट ओळखला, असा कान गाडी वर्षानुवर्षं स्वतः चालवणाऱ्यालाच येतो.

चोकचं असं की स्लो जेटमध्ये, म्हणजे गाडी संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये, अजून थोडी घाण आहे, भोक सुईच्या टोकाएवढं असतं. आधी वीस पंचवीस किलोमीटर चालवून बघा, बऱ्याचदा नवीन पेट्रोलने आपोआप सुटतं. नाही सुटलं तर तेव्हा कार्बोरेटर खोलून जेट हवेने फुंकून साफ करून घ्या, बदलायचा नाही, आणि कोणी तार किंवा सुई घालायला लागला तर थांबवा, भोक मोठं होतं.

बाटलीतलं पेट्रोल परत घालू नका. त्यातलं इथेनॉल पाण्याबरोबर खाली गेलंय, वरचं जे उरलं ते कमी ताकदीचं, गाडी टकटक आवाज करेल. विहिरीजवळ, शेतात ओतू नका, चुलीत तर अजिबातच नको. बाटलीला घट्ट झाकण लावून घराबाहेर सावलीत ठेवा, देवरुखला जाल तेव्हा गॅरेजमध्ये द्या, चेन आणि सुटे भाग धुवायला त्यांना लागतं.

आणि गणपती झाल्यावर पुण्याला परत जाताना टाकी पूर्ण भरून ठेवा, रिकाम्या टाकीत ओल धरते. कॉक बंद करा आणि वाटीच्या स्क्रूतून वाटी रिकामी करा. चुलतभावाला सांगा आठवड्यातून एकदा देवरुखपर्यंत नेऊन आणायची, जागेवर उभी करून पाच मिनिटं चालू ठेवण्यात अर्थ नाही, इंजिन नीट गरमच होत नाही.

पाणंदवाट

काका नमस्कार सांगितला. बाबा म्हणतात साताऱ्याकडे आलो तर येतो भेटायला, गुडघा बरा झाला की गाडीवरूनच. भाऊ आत्ताच माटवीचं सामान आणायला गाडी घेऊन गेला, गॅरेजला द्यायची बाटली पण नेली. जेटचं तो आल्यावर कळवते.